हमी आणि हद्द

परगावी दूरध्वनी करावयाचा म्हणजे आधी ट्रंक कॉल नोंदवावयाचा आणि मग घंटी वाजण्याची वाट पाहत बसावयाचे, असा शिरस्ता ज्या काळी होता, त्या काळी आपल्या डाक-तार खात्याने ग्राहकांपुढे कॉलचे तीन वर्ग ठेवले होते : ऑर्डिनरी, अर्जंट आणि लाइटनिंग. साध्या वर्गात नोंदविलेला कॉल दुपारी लागेल, रात्री लागेल की उद्यावर जाईल, याची शाश्वती कोणी देत नसे. अर्जंटचा जादा आकार भरला की तो साध्यांना मागे सारून पुढे जाई. आणि लाइटनिंगचा आकार असा जबर असे की घरात कोणी अत्यवस्थ असल्यावाचून किंवा मोठा सौदा अडल्यावाचून सामान्य गृहस्थ त्या वाटेला जात नसे. या तजविजीने दोन शहरांमधील तारांत एका तारेचीही भर पडत नव्हती. जे मुळात अपुरे आहे ते कोणाला आधी द्यावयाचे, एवढाच तिचा विषय होता. पुढे १९६० साली कानपूर व लखनौ या शहरांमध्ये थेट डायल करण्याची सोय झाली, ती हळूहळू देशभर पसरली, आणि ट्रंक कॉल जुन्या पिढीच्या आठवणीत जाऊन बसला; परंतु अपुऱ्या मार्गावरील क्रमाचा प्रश्न काही मिटला नाही. संगणकांच्या आणि मोबाइलच्या आजच्या जाळ्यांत तो दर क्षणी उभा राहतो, आणि त्याच्या बंदोबस्ताला अभियंते ‘क्वालिटी ऑफ सर्व्हिस’ची, म्हणजे सेवेच्या गुणवत्तेची व्यवस्था म्हणतात.

ही व्यवस्था आज पूर्वीपेक्षा बिकट का झाली, हे कळण्यासाठी एका साध्या संभाषणाचा मार्ग न्याहाळावा. साताऱ्याच्या घरातली आई लंडनमधल्या मुलीशी मोबाइलवरून बोलते, तेव्हा तिचा आवाज प्रथम घरातल्या वाय-फायवरून हवेतून राउटरपर्यंत जातो. तेथून फायबरच्या तंतूने स्थानिक ब्रॉडबँडवाल्याच्या यंत्रणेत. तेथून एखाद्या मोठ्या कंपनीच्या जाळ्यातून मुंबईच्या किनाऱ्यावर. तेथून समुद्रतळाच्या केबलने परदेशात. आणि अखेरीस तिकडच्या मोबाइल टॉवरवरून पुन्हा हवेतून मुलीच्या हाती. या प्रवासात माध्यमे निराळी, मालक निराळे, यंत्रे निराळ्या पिढ्यांची, आणि कायदाही हद्दीगणिक निराळा. अशा भिन्नजातीय जाळ्यांच्या साखळीत प्रत्येक कडी आपापल्या परीने उत्तम असली, तरी बोलणाऱ्या दोघींना अनुभव येतो तो सगळ्या कड्यांच्या बेरजेचा, आणि पुष्कळदा सर्वांत दुबळ्या कडीचा. प्रस्तुत लेखाचे म्हणणे थोडक्यात हेच आहे, की सेवेची हमी देणे हे एका मालकाच्या अंमलात फारसे कठीण राहिलेले नाही. ती हमी हद्द ओलांडून पलीकडे पोहोचविणे हे मात्र अद्यापि साधलेले नाही, आणि या विषयातील बहुतेक युक्त्या-प्रयुक्त्या त्या एका अडचणीभोवती फिरतात.

गुणवत्ता मोजावयाची कशाने? पहिले माप विलंबाचे : पाठविलेला मजकूर पलीकडे पोहोचण्यास किती वेळ लागला. दुसरे त्या विलंबाच्या चढउताराचे, ज्याला या क्षेत्रातले लोक जिटर म्हणतात. तिसरे गळतीचे, म्हणजे शंभरांपैकी किती पॅकेटे वाटेतच नाहीशी झाली याचे. आणि चौथे वहनक्षमतेचे, ज्याचा आकडा जाहिरातींतून एमबीपीएस या नावाने आपल्या डोळ्यांपुढे सतत नाचविला जातो. इंटरनेटवरून जाणाऱ्या आवाजाचे सामान्यतः वीस-वीस मिलिसेकंदांचे तुकडे करतात. म्हणजे एका सेकंदाच्या बोलण्याची पन्नास पॅकेटे होतात, आणि ती सारी सारख्या अंतराने पोहोचावी लागतात. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीप्रमाणे एका दिशेचा विलंब १५० मिलिसेकंदांच्या आत असल्यास संभाषण सुरळीत वाटते, आणि ४०० च्या पलीकडे तो जाऊ देऊ नये. भूस्थिर उपग्रह विषुववृत्तावर ३५,७८६ किलोमीटर उंच असल्यामुळे तेथवर जाऊन परत येण्यास प्रकाशवेगानेही सुमारे २४० मिलिसेकंद लागतात. तेव्हा त्या मार्गाने होणाऱ्या संभाषणात दोघे एकमेकांच्या बोलण्यावर बोलू लागतात, यात यंत्राचा दोष नसून निसर्गनियमाचा अंमल आहे. उलट एखादा दस्तऐवज त्याच वाटेने दोन सेकंद उशिरा आला तरी कोणाचे बिघडत नाही. मात्र त्यातले एक अक्षरही गळून चालत नाही. आवाज गळती सोसतो पण दिरंगाई सोसत नाही, फाइल दिरंगाई सोसते पण गळती सोसत नाही. आणि या दोन परस्परविरुद्ध स्वभावांच्या प्रवाशांना एकाच मार्गाने न्यावयाचे आहे.

मार्गावर गर्दी झाली म्हणजे काय होते, याचे गणित संगणकाच्या जन्माआधीच मांडले गेले होते. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या आग्नर क्रारुप एरलांग या डॅनिश गणितज्ञाने १९०९ साली दूरध्वनीच्या मागणीसंबंधीचा आपला पहिला निबंध प्रसिद्ध केला, आणि किती ग्राहकांना किती तारा पुरतील याचे सूत्र १९१७ साली दिले. त्याच्या पायावर उभ्या राहिलेल्या रांगशास्त्राचा एक निष्कर्ष सामान्य समजुतीला धक्का देणारा आहे. पॅकेटे अनियमितपणे येत असतील, तर मार्ग निम्मा व्यापलेला असताना प्रत्येकाला लागणारा सरासरी वेळ रिकाम्या मार्गाच्या दुप्पट होतो; मार्ग ९० टक्के व्यापला की तोच वेळ दसपट होतो, ९५ टक्क्यांना वीसपट, आणि ९९ टक्क्यांना शंभरपट. भार नऊ टक्क्यांनी वाढला आणि दिरंगाई दहा पटींनी वाढली, असा हा प्रकार. म्हणूनच दुपारी निर्वेध चालणारे ब्रॉडबँड रात्री नऊ वाजता एकाएकी कोलमडल्यासारखे वाटते.

जुन्या दूरध्वनीत बोलणाऱ्या दोघांसाठी एक संपूर्ण मार्ग राखून ठेवीत. ते गप्प बसले तरी तो इतरांना मिळत नसे. साठीच्या दशकात अमेरिकेत पॉल बॅरन यांनी व इंग्लंडमध्ये डोनाल्ड डेव्हिस यांनी स्वतंत्रपणे निराळी कल्पना मांडली : संदेशाचे तुकडे करावे, प्रत्येकावर पत्ता लिहावा, आणि सामायिक मार्गाने त्यांची रवानगी करावी. याच तत्त्वावर १९६९ साली अर्पानेट सुरू झाले. काटकसर झाली, पण राखीव मार्गाबरोबर त्याची हमीही गेली. नव्या जाळ्याने प्रत्येकासाठी आपल्याकडून होईल तेवढे करण्याचे आश्वासन दिले, त्याहून अधिक नाही. १९८१ साली ठरलेल्या इंटरनेटच्या मूळ नियमांत प्रत्येक पॅकेटाच्या शिरोभागी सेवेचा प्रकार लिहिण्यासाठी आठ बिटांची जागा ठेवण्याची दूरदृष्टी होती खरी, पण ती जागा बहुधा कोरीच राही. १९८६ च्या ऑक्टोबरात कॅलिफोर्नियातील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि बर्कलीचे विद्यापीठ, ज्यांच्यामध्ये अवघे चारशे यार्डांचे अंतर, त्यांच्यातील वहन सेकंदाला ३२,००० बिटांवरून ४० बिटांवर घसरले. कारण पोहोच न मिळालेला प्रत्येक संगणक तीच पॅकेटे पुनःपुन्हा पाठवून गर्दीत भर टाकीत होता. व्हॅन जेकबसन यांनी १९८८ साली त्यावर उपाय प्रसिद्ध केला : पॅकेट गळाले तर मार्गात गर्दी आहे असे समजावे, आणि ज्याने त्याने आपला वेग आपण होऊन आवरावा. या स्वेच्छेच्या संयमावर इंटरनेट आजवर टिकून आहे. परंतु सर्वांनी सारखाच संयम पाळल्याने आवाजाला अग्रक्रम मिळत नाही. त्यासाठी वाटेतील राउटरांनाच पंक्तिप्रपंच करावा लागतो.

तो कसा करावा, याविषयी नव्वदीच्या दशकात दोन पंथ झाले. पहिल्याचे म्हणणे असे की प्रत्येक संभाषणाने प्रवासाआधी वाटेवरच्या प्रत्येक राउटरकडे आपली दरखास्त द्यावी, राउटराने शिल्लक पाहून मंजुरी अथवा नकार द्यावा, आणि मंजूर झालेला वाटा शेवटपर्यंत राखावा. १९९४ साली मांडलेल्या आणि १९९७ साली आरएसव्हीपी या नावाने नियमबद्ध झालेल्या या योजनेत हमी पक्की होती. पण ज्या राउटरातून एकाच वेळी लाखो संभाषणे जातात, त्याने प्रत्येकाचे खाते उघडून ठेवावयाचे, हा कारभार झेपण्यासारखा नव्हता. दुसऱ्या पंथाने १९९८ साली माफक मागणी केली : व्यक्तीची ओळख ठेवू नका, वर्गाची ठेवा. १९८१ च्या त्या जवळजवळ पडीक जागेतील सहा बिट घेऊन त्यांनी चौसष्ट खुणा शक्य केल्या. जाळ्याच्या वेशीवर पॅकेटावर खूण करावी, आणि आतील राउटरांनी केवळ ती खूण पाहून त्याला योग्य त्या रांगेत उभे करावे. आवाजासाठी बहुधा ४६ ही खूण वापरतात. मात्र अग्रक्रमाची रांग मोकाट सोडली तर बाकीच्यांची उपासमार होते; म्हणून तिच्यातून किती पॅकेटे जावीत याला मर्यादा घालतात, आणि उरलेल्या रांगांना त्यांच्या वजनाप्रमाणे आळीपाळीने वाटा देतात.

ही दुसरी रीत बँका, कारखाने व दूरसंचार कंपन्या यांच्या स्वतःच्या जाळ्यांत रुजली. पण वेशीबाहेर तिची काय गत होते, हे सांगण्यासाठी संस्थानी टपालाचा दाखला अगदी बरोबर जुळतो. इंग्रजी अमदानीत ग्वाल्हेरसारख्या काही संस्थानांनी ब्रिटिश टपाल खात्याशी करार केलेला असल्यामुळे त्यांची तिकिटे संस्थानाबाहेर, ब्रिटिश मुलखातही चालत; निजामाच्या हैदराबादची तिकिटे मात्र त्याच्याच हद्दीपुरती खरी, आणि हद्द ओलांडताच तो कागदाचा एक रंगीत तुकडा. पॅकेटावरील अग्रक्रमाची खूणही अशीच आहे. दोन कंपन्यांमध्ये करार असेल तर ती पलीकडे मानली जाते. नसेल तर पलीकडचा राउटर तिच्याकडे दुर्लक्ष करतो, किंवा ती पुसून सर्वांना साध्या रांगेत लावतो. यात अन्याय आहे असेही म्हणवत नाही. कारण परक्याने स्वतःच स्वतःवर मारलेला ‘तातडीचे’ हा शिक्का कोणीही मानू लागला, तर दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक पॅकेट तातडीचेच होईल.

तारेच्या जाळ्यांची ही कथा; हवेतल्या जाळ्यांत तिला आणखी एक फाटा फुटतो. तारेची क्षमता निदान स्थिर असते. रेडिओलहरींची क्षमता भिंतीगणिक, पावलागणिक, शेजाऱ्याच्या राउटरगणिक बदलते, आणि पॅकेट गळते ते गर्दीमुळेच असे नाही, तर मध्ये खांब आला म्हणूनही. जेकबसन यांच्या नियमाप्रमाणे चालणारा संगणक मात्र ही गळती गर्दीचीच समजून विनाकारण वेग कमी करतो. हा गैरसमज टळावा म्हणून वाय-फाय व मोबाइल यंत्रणा हरवलेले पॅकेट आपल्या आपण, वरच्यांना न कळविता, पुन्हा पाठवितात. त्यामुळे गळती झाकली जाते, पण तिचे रूपांतर विलंबाच्या चढउतारात होते, आणि फाइलीवर झालेला उपकार आवाजाच्या मुळावर येतो.

वाय-फायमध्ये मध्यवर्ती हुकमत जवळजवळ नसते : प्रत्येक उपकरण हवा मोकळी आहे की नाही ते ऐकते, यदृच्छेने ठरलेला थोडा वेळ थांबते, आणि मग बोलते. २००५ साली मंजूर झालेल्या सुधारणेने त्यात आवाज, चित्र, सामान्य आणि पार्श्वभूमी असे चार वर्ग केले, आणि वरच्या वर्गांनी कमी वेळ थांबावे असे ठरविले. याने वरच्या वर्गाची शक्यता वाढली, खात्री झाली नाही. शेजारच्या घरातील वाय-फाय त्याच लहरींवर असेल, तर त्याच्यावर आपल्या घरचा कायदा चालत नाही. शिवाय येथे सर्वांना सारख्या पाळ्या मिळतात, सारखा वेळ नव्हे. म्हणून दूरच्या खोलीत कसाबसा संपर्क राखणारे एक मंद उपकरण प्रत्येक पाळीला हवा कितीतरी अधिक काळ अडवून धरते, आणि राउटरशेजारी बसलेल्या वेगवान उपकरणालाही आपल्या गतीवर आणून सोडते. मोबाइलच्या जाळ्यात याउलट टॉवर हाच सर्वाधिकारी. फोर-जी यंत्रणेत तो दर मिलिसेकंदाला कोणाच्या वाट्याला कोणत्या लहरी हे ठरवितो. ज्याचा संपर्क त्या क्षणी चांगला त्याला झुकते माप, पण ज्याला बराच वेळ काही मिळाले नाही त्याचाही हक्क वाढता, असा तडजोडीचा न्याय तेथे सामान्यतः चालतो. फोर-जीच्या आरंभीच्या नियमांत सेवेचे नऊ वर्ग होते. आवाजासाठी विलंबाची मर्यादा १०० मिलिसेकंद आणि गळती शंभरात एकापर्यंत क्षम्य. सर्वसाधारण इंटरनेटसाठी मर्यादा ३०० मिलिसेकंद, पण गळती दहा लाखांत एकाहून अधिक नको. आवाज आणि फाइल यांच्या स्वभावांतील जो विरोध वर सांगितला, तो येथे आकड्यांच्या करारनाम्यात उतरलेला दिसतो. फाइव्ह-जी आणखी पुढे जाऊन एकाच यंत्रणेतून जणू स्वतंत्र अशी अनेक जाळी कापून देण्याची मुभा देते.

आता या निरनिराळ्या वर्गवाऱ्या एकमेकींना जोडल्या की घोटाळा कसा होतो, याचे एक उदाहरण पाहण्याजोगे आहे. इंटरनेटच्या खुणा चौसष्ट, वाय-फायच्या पायऱ्या आठ आणि त्यांतून होणारे वर्ग चार. चौसष्टांतून आठ करण्याची पुष्कळ यंत्रांनी पत्करलेली सोपी वाट म्हणजे सहा बिटांपैकी पहिले तीन ठेवावे व उरलेले सोडून द्यावे. आवाजाची ४६ ही खूण बिटांत लिहिली तर १०१११० अशी होते. तिचे पहिले तीन बिट १०१, म्हणजे पाच. आणि वाय-फायच्या हिशेबात पाचवी पायरी आवाजाची नसून चित्राची आहे. संपूर्ण प्रवासात इमानेइतबारे सांभाळलेली खूण घराच्या उंबरठ्यावर येऊन एक वर्ग खाली घसरते, आणि यात कोणाही यंत्राने नियम मोडलेला नसतो. या दोन वर्गवाऱ्यांचा मेळ घालणारी शिफारस इंटरनेटच्या नियमकर्त्यांनी २०१८ साली प्रसिद्ध केली. म्हणजे वाय-फायचे वर्ग ठरल्यावर तब्बल तेरा वर्षांनी.

प्रवासीच मध्ये जाळे बदलू लागला की अडचण आणखी गहन होते. घरातून बोलत बोलत मनुष्य रस्त्यावर येतो, वाय-फाय सुटते, मोबाइलचे जाळे पकडले जाते, आणि त्याबरोबर फोनचा इंटरनेटवरील पत्ता बदलतो; पलीकडच्या दृष्टीने तो आता निराळाच इसम असतो. विजातीय जाळ्यांमधील या हस्तांतरासाठी एक स्वतंत्र आंतरराष्ट्रीय नियमावली तयारही झाली, पण ती व्यवहारात फारशी रुजली नाही. तिच्याऐवजी दोन व्यवहारी मार्ग चालले. एक असा की वाय-फायवरून केलेला कॉलसुद्धा गुप्त मार्गाने आपल्या मोबाइल कंपनीच्याच यंत्रणेत न्यावा, म्हणजे बाहेरचे जाळे बदलले तरी कॉल ज्या खुंटीला बांधला आहे ती हलत नाही. दुसरा २०२१ साली नियमबद्ध झालेल्या क्विक या पद्धतीचा : ओळख पत्त्यावर न ठेवता प्रत्येक संपर्काला स्वतःचा क्रमांक द्यावा.

यंत्रे वाढवून आणि स्मृती वाढवून हा प्रश्न सुटत नाही, याचाही अनुभव जगाने घेतला आहे. स्मृती स्वस्त झाल्यावर राउटर बनविणाऱ्यांनी पॅकेट गळू नये म्हणून रांगेसाठी प्रशस्त जागा ठेवली. गळती थांबली, पण त्यामुळे गर्दीची सूचनाही कोणाला मिळेनाशी झाली, आणि पॅकेटे सेकंद सेकंद रांगेत तिष्ठत राहू लागली. जिम गेटिस या अमेरिकन अभियंत्याने २०१० च्या सुमारास आपल्या घरच्या इंटरनेटवर हा विकार ओळखून त्याचा गाजावाजा केला. कॅथलीन निकोल्स आणि तेच जेकबसन यांनी २०१२ साली सुचविलेला उपाय साधा आहे : रांग किती लांब हे पाहू नये, पॅकेट रांगेत किती वेळ आहे ते पाहावे, तो वेळ पाच मिलिसेकंदांच्या वर रेंगाळत राहिला, तर काही पॅकेटे मुद्दाम गाळून पाठविणाऱ्यांना सावध करावे.

अग्रक्रम देण्याची शक्ती हाती आली की तो कोणाला द्यावा हा प्रश्न अभियंत्याच्या अखत्यारीत राहत नाही. आवाजाला फाइलीपुढे काढणे हा विवेक. पण एका कंपनीचा आवाज दुसरीच्या आवाजापुढे पैसे घेऊन काढणे ही मक्तेदारीची वाट. आपल्या दूरसंचार नियामक प्राधिकरणाने ८ फेब्रुवारी २०१६ रोजी मजकुरानुसार डेटाचे वेगळे दर आकारण्यास बंदी केली, आणि २०१८ साली केंद्र सरकारने सर्व मजकुराला समान वागणूक देण्याचे तत्त्व मान्य केले. मात्र वाजवी वाहतूक-नियंत्रण आणि विशेष सेवा यांना त्यातून सूट ठेवली. त्याच प्राधिकरणाने २०२४ च्या ऑगस्टमध्ये तारेचा दूरध्वनी, मोबाइल आणि ब्रॉडबँड यांच्या गुणवत्तेचे पूर्वीचे निरनिराळे नियम एकत्र करून एकच नियमावली जारी केली. जाळी एकमेकांत मिसळली असता त्यांचे मोजमाप वेगळे ठेवण्यात अर्थ नाही, याची ती कबुलीच म्हणावी लागेल.

तरीही साताऱ्याच्या आईला लंडनपर्यंतची हमी आज कोणी देत नाही, आणि सार्वजनिक इंटरनेटवर ती नजीकच्या काळात मिळेल असे दिसत नाही. तिचे संभाषण बहुतेक वेळा नीट होते, याचे श्रेय वाटेतल्या राउटरांपेक्षा दोन टोकांच्या फोनांना अधिक आहे : मार्ग अरुंद झाला की ते आवाजाची बारकाई कमी करतात, चढउतार झाकण्यासाठी थोडी पॅकेटे साठवून मग ऐकवितात, आणि गळालेल्या तुकड्याची जागा अंदाजाने भरून काढतात. जाळ्यांनी हद्दीवर करार केले नाहीत, म्हणून त्यांची उणीव टोकांनी शहाणपणाने भरून काढली. परंतु हे शहाणपण एका मर्यादेपर्यंतच पुरते. दूरच्या गावातील रुग्णाची तपासणी किंवा यंत्राचे दूरनियंत्रण यांना अंदाजाने भरलेली जागा चालणार नाही. तेथे राखीव वाटाच हवा, आणि तो सलग एकाच मालकाच्या हद्दीत किंवा स्पष्ट कराराखालीच मिळू शकतो. म्हणून ब्रॉडबँड घेणाऱ्या सामान्य ग्राहकाने एमबीपीएसच्या आकड्यावर भुलू नये; भर गर्दीच्या वेळी विलंब किती होतो, हे विचारावे. आणि जी संस्था एखाद्या महत्त्वाच्या कामासाठी जाळे उभारीत आहे, तिने विक्रेत्याकडून हमीचा कागद घेताना ती हमी कोणत्या हद्दीपर्यंत आहे आणि पलीकडच्या मालकाने ती लेखी मान्य केली आहे काय, एवढी दोन कलमे आधी वाचावी. बाकीचा तपशील त्यानंतरचा.